बोटीच्या जुन्या इंजिनाच्या गिअरकेसमध्ये पाणी शिरतंय? कुठून शिरतंय ते आधी शोधा

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर मासेमारी करणारे आमच्या भागातले लोक इंजिन घेऊन येतात ते बहुतेक वेळा एकाच तक्रारीनं. "भाऊ, खालचं तेल पांढरं झालं जी."

मागच्या हिवाळ्यात एक जण पंधरा हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन मोटरसायकलवर आडवं बांधून घेऊन आला. मी ते स्टँडवर उभं केलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी गिअरकेसचं खालचं बूच अर्धा आटा सैल केलं. आधी स्वच्छ पाणी आलं, अर्धा कप तरी असेल. मग पाणी आणि तेल मिसळलेलं, दुधाच्या चहासारखं काहीतरी आलं आणि शेवटी काळपट तेल. पंख्याकडची सील, म्हणजे शाफ्टभोवती बसून पाणी अडवणारी रबरी कडी, दोनदा बदलून झाली होती, तीही दोन वेगवेगळ्या मिस्त्रींकडून. पाणी मात्र वरून येत होतं, इंजिन गार ठेवणाऱ्या वॉटर पंपाखालच्या सीलमधून. तिथं कोणी पाहिलंच नव्हतं. दोनदा पैसे गेले, धंद्याचे दिवस गेले आणि तेवढ्या वेळात आतल्या बेअरिंगवर गंज चढला.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. पाणी कुठून येतं हे हवा भरून पाहिल्याशिवाय एकही सील काढू नका. हवा भरायला महागडं यंत्र लागत नाही, ते पुढे सांगतो.

पाणी शिरण्याच्या जागा किती?

गिअरकेस म्हणजे पंख्यामागचा तो अॅल्युमिनियमचा माशासारखा डबा. वरून उभा ड्राइव्ह शाफ्ट येतो, आत गिअर असतात आणि मागून आडवा पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो. जिथे काहीतरी आतून बाहेर जातं किंवा दोन भाग जोडलेले असतात, तिथूनच पाणी शिरू शकतं. पंख्याच्या शाफ्टवरची सील, ती ज्या गोल हाउसिंगमध्ये बसतात त्या हाउसिंगची ओ-रिंग (गोल रबरी वेढा), ड्राइव्ह शाफ्टवरची वॉटर पंपाखालची सील आणि तिथलं गॅस्केट, गिअर टाकायच्या दांड्याचं सील, तेलाची दोन बुचं आणि शेवटी डब्यालाच गेलेली चीर किंवा खारानं पडलेलं बारीक छिद्र. काही जुन्या इंजिनांत गिअरकेस दोन फाकांची असते, तिथं तो सांधाही धरायचा. याच्या पलीकडे सहसा जागा नाही. सात-आठ जागांत शोधायचं आहे, एवढं लक्षात ठेवलं की माणूस घाबरत नाही.

इथं एक गोष्ट समजून घेतलेली बरी. गिअरकेस पाण्यात साधारण अर्धा मीटर खोल असते. तेवढ्या खोलीवर पाण्याचा दाब एक पीएसआयही (टायरची हवा मोजतात तेच माप) नसतो, फार तर पाऊण. इतक्या कमी दाबानं पाणी आत कसं जातं? ते नुसतं ढकललं जात नाही, ओढलंही जातं. इंजिन चाललं की गिअरकेस आणि आतलं तेल गरम होतं. इंजिन बंद केलं की थंड पाणी ते पटकन गार करतं. आतली हवा सत्तर अंशांवरून अठ्ठावीसवर आली तर तिचा दाब सुमारे बारा टक्क्यांनी उतरतो, म्हणजे दीड-पावणेदोन पीएसआयची ओढ तयार होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये डोंगा काठावर ओढून ठेवलेला असतो, इंजिन पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापतं आणि दुपारनंतर ते थेट पाण्यात बुडतं. तापलेली गिअरकेस अशी घोट घेते. ज्याच्यात तेल कमी, त्याच्यात हवा जास्त, आणि आत ओढलं जाणारं पाणीही जास्त. थंड देशांत पाणी गोठून गिअरकेस फुटते असं वाचायला मिळेल. तो त्रास आपल्याला नाही. आपला त्रास उन्हाचा आहे.

आधी तेलाला विचारा

इंजिन उभं ठेवून रात्र जाऊ द्या. पाणी तेलापेक्षा जड असतं, ते खाली बसतं. सकाळी खाली स्वच्छ काचेची बरणी धरा आणि वरचं बूच बंदच ठेवून खालचं बूच हळूहळू सैल करा. वरून हवा मिळत नसल्यामुळे आधी थेंब थेंबच येईल. पहिले थेंब नीट पाहा. पाणी असेल तर ते तिथंच दिसेल. मग वरचं बूच काढा आणि सगळं तेल बरणीत येऊ द्या.

एक सावधगिरी आहे. काही जुन्या जॉन्सन-एव्हिनरूड इंजिनांत तेलाच्या बुचाजवळच आणखी एक स्क्रू असतो, फुलीच्या खाचेचा. तो तेलाचा नाही, आत गिअर टाकायच्या यंत्रणेची पिन धरून ठेवणारा असतो. तो काढला की आतली जोडणी सुटते आणि मग सगळं उघडावं लागतं. बूच ओळखता येत नसेल तर रुंद सपाट खाच असलेलंच काढा.

आता बरणी. तेल नुसतं पांढुरकं दिसलं म्हणून लगेच निकाल देऊ नका. गिअर तेल घुसळून त्यात हवेचे बारीक फुगे मिसळले तरी ते पांढरट दिसतं. बरणी सावलीत ठेवा. फुगे असतील तर काही तासांत तेल स्वच्छ होतं. पाणी मिसळलं असेल तर ते तसंच दुधाळ राहतं आणि तळाशी पाण्याचा थर दिसू शकतो. तरी शंका असेल तर जुन्या टिनाचा तुकडा चुलीवर चांगला तापवा आणि तेलाचा एकच थेंब त्यावर टाका. पाणी असेल तर फोडणीत मोहरी तडतडते तसा तो तडतडेल. नसेल तर नुसता धूर निघेल. हे अंगणात करा, स्वयंपाकघरातला तवा घेऊ नका आणि तोंड लांब ठेवा.

मग बरणीत दोऱ्याला बांधलेलं चुंबक फिरवा. चुंबकाला राखाडी लेप लागला तर चालेल, जुन्या गिअरला एवढी झीज असतेच. बोटांत टोचणारे तुकडे आले, लखलखते पत्रे आले किंवा तांबूस गंज आला, तर फक्त सील बदलून भागणार नाही, गिअर आणि बेअरिंग उघडून पाहावेच लागतील. तेलाला जळका वास येत असेल तर तेल कमी असतानाही इंजिन चालवलंय असं समजा.

पाण्यावर इंजिनाभोवती तेलाचा तवंग दिसतो म्हणून घाबरून येणारेही बरेच. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर पंख्यातून पाण्याखालीच सुटतो, त्यात न जळलेलं तेल असतं. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनांत तर जास्तच. त्यावरून गिअरकेसबद्दल काही ठरवता येत नाही.

एक साधी परीक्षा आणखी आहे, तिला फक्त वेळ लागतो. ताजं तेल भरा, इंजिन चालू न करता रात्रभर पाण्यात सोडून ठेवा आणि सकाळी पहिला थेंब पाहा. न चालवताच पाणी आलं तर बुचं, ओ-रिंग किंवा चीर यांच्यावर माझा पहिला संशय असतो. चालवल्यावरच येतं म्हणाल तर वर ड्राइव्ह शाफ्टचं सील किंवा वाकलेला पंख्याचा शाफ्ट. वॉटर पंप चालू झाला की त्याच्या पोटातला दाब बाहेरच्या पाण्यापेक्षा बराच जास्त असतो आणि त्याच्या बुडाशीच ड्राइव्ह शाफ्टची सील बसलेली असतात. ती गेली की पाणी दाबानं आत जातं. वर सांगितलेल्या इंजिनाचं हेच झालं होतं. हा अंदाज आहे, पुरावा नाही. पुरावा हवा देते.

दहा रुपयांचा वायसर

हवा भरायच्या आधी बुचांचे वायसर (वॉशर) पाहा. हे वायसर एकदाच दबण्यासाठी बनलेले असतात. तेल बदलताना ते फेकून नवे घालायचे असतात, पण आपल्याकडे पन्नासदा तेच घातले जातात. जुना वायसर नखावर धरून पाहिला की त्यावर बुचाच्या कडेची खोल वर्तुळाकार खाच दिसते. कधी आधीचा वायसर गिअरकेसला चिकटून राहतो आणि त्यावर दुसरा बसतो. असं असेल तर बूच कितीही आवळा, पाणी येणारच. बुचाच्या खालची सपाट जागा कापडानं पुसून बोट फिरवा, खरवड किंवा माती राहू देऊ नका.

पाणी अगदी थोडं असेल, तेल फक्त कडेला धुरकट झालेलं असेल आणि वायसर जुने असतील, तर आधी फक्त नवे वायसर घाला, नवं तेल भरा, दोन-तीन दिवस काम करा आणि पुन्हा पहिला थेंब तपासा. खालचं काहीही उघडायच्या आधी एवढं तरी करा. माझ्याकडे आलेली कित्येक इंजिनं याच्यावरच परत गेली आहेत.

हवा भरायचं साधन

बाजारात यासाठी डायल लावलेले छोटे हातपंप मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी ते मिळत नाहीत, म्हणून मी रक्तदाब मोजायचं जुनं डायलवालं यंत्र वापरतो. पट्टा फाटलेला असला तरी चालतो, आपल्याला रबरी फुगा, त्याची चावी आणि डायल एवढंच हवं. पाऱ्याचं यंत्र मात्र कधीही घेऊ नका.

त्या डायलवर मिलिमीटरचे आकडे ३०० पर्यंत असतात. एक पीएसआय म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर. म्हणजे १५५ वर काटा असला की तीन पीएसआय आणि २६० वर असला की पाच. पहिल्या परीक्षेला नेमका एवढाच दाब लागतो, आणि टायरच्या गेजवर इतका कमी दाब नीट वाचताच येत नाही.

जोडणी अशी. फुग्याची नळी, डायलची नळी आणि गिअरकेसकडे जाणारी नळी, या तिन्ही एका टी मध्ये आणायच्या. संत्र्याच्या बागेत ठिबकला वापरतात तो छोटा टी उत्तम बसतो. सांध्यांवर बारीक तार आवळायची. गिअरकेसमध्ये लावायला एक जुनं बूच घ्या, लेथवाल्याकडून त्याला आरपार तीन मिलिमीटरचं छिद्र पाडून वर पितळी निपल ब्रेझ करून घ्या. आपल्याच इंजिनाचं बूच दाखवलं की आट्यांचा घोळ होत नाही. त्यालाही नवा वायसर घालायचा.

सगळं जोडलं की आधी साधन स्वतः तपासा. निपलचं तोंड अंगठ्यानं घट्ट दाबा, फुगा दाबून काटा २६० वर न्या आणि पाच मिनिटं पाहा. काटा खाली आला तर गळती तुमच्या नळीत आहे. ही पायरी गाळणारा माणूस नळीची गळती गिअरकेसच्या माथी मारतो आणि चांगली सील उगाच काढतो.

खालचा भाग वेगळा करणे

ड्राइव्ह शाफ्टचं सील पाहायचं तर गिअरकेस वरच्या लेगपासून, म्हणजे इंजिनाच्या उभ्या पायापासून, सोडवावीच लागते. आधी स्पार्क प्लगच्या वायर काढून ठेवा, हे विसरू नका. पंखा हातानं फिरवताना इंजिन एखादवेळी उसळू शकतं, त्यात बोट जाऊ शकतं. गिअरचा दांडा वरच्या दांड्याला जोडलेला असतो, बऱ्याच इंजिनांत लेगच्या बाजूला रबरी बूच काढलं की ती जोडणी दिसते. ती सुटी करा. मग बोल्ट. एखादा बोल्ट पंख्याच्या वरच्या छोट्या पात्याखाली लपलेला असतो. ते पातं काढायच्या आधी खिळ्यानं खूण करा, नाहीतर परत लावल्यावर बोट एका बाजूला ओढते. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. झटका देऊन तोडण्यापेक्षा एक दिवस थांबणं परवडतं.

किनाऱ्यावरून आलेली इंजिनं वेगळी ओळखता येतात. कोकणातल्या खाऱ्या पाण्यात चाललेलं सेकंडहँड इंजिन आपल्याकडे स्वस्तात येतं, पण त्याच्या पंख्यामागच्या हाउसिंगभोवती पांढरी भुकटी जमलेली असते. तो अॅल्युमिनियमचा खार. तिथं ओ-रिंगची खाच खाल्लेली असण्याची शक्यता धरूनच चला. आणि हो, गोड्या पाण्यात जस्ताचा अॅनोड (स्वतः झिजून गिअरकेसला खारापासून वाचवणारा धातूचा तुकडा) नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा लावा.

हवेची परीक्षा

गिअरकेस पूर्ण रिकामी करा आणि सावलीत तासभर ठेवा. उन्हातून आणलेली गरम केस सावलीत गार होताना आतली हवा आपोआप आकसते, काटा उतरतो आणि गळती नसताना गळती दिसते. उलट सावलीतून उन्हात नेली तर काटा चढून खरी गळती झाकली जाते.

वरच्या छिद्रात आपलं निपलचं बूच, खालच्या छिद्रात नव्या वायसरसह साधं बूच. फुगा हळू दाबत काटा १५५ वर न्या. थांबा. मग २६० वर. दहा मिनिटं काटा हलता कामा नये. या वेळात गिअरकेस नुसती ठेवून पाहू नका. पंख्याचा शाफ्ट हातानं फिरवा, मागे-पुढे ओढा, वर-खाली दाबा. ड्राइव्ह शाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच फिरवा, वॉटर पंप लावलेला असेल तर उलट फिरवल्यानं त्याच्या रबरी पाकळ्या दुमडतात. गिअरचा दांडा वर-खाली करा. कित्येक सील स्थिर शाफ्टवर पाणी धरतात आणि शाफ्ट जरा डुलला की सोडतात. काटा कोणत्या हालचालीला खाली आला ते लिहून ठेवा. अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

कमी दाबानंच का सुरुवात करायची, असा प्रश्न येतो. जास्त दाब सीलच्या झिजलेल्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला, शाफ्टवर चिकटवून बसवतो आणि गळती लपवतो. म्हणून आधी तीन, मग पाच आणि त्यानंतरच दहा-बारा पीएसआय. त्या वेळी रक्तदाबाचं डायल काढून तीस पीएसआयपर्यंतचं साधं डायल गेज आणि सायकलचा हातपंप लावा, आणि एकेक हलका झटका देत जा. इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. तो नसेल तर पंधराच्या वर जाऊ नका. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर थेट लावायचा विचार मनातही आणू नका. तो शंभराच्या वर दाब देतो, चांगली सील एका फटक्यात निघून येतात.

काटा उतरला की बुडबुड्यांची पाळी. साबणाचं पाणी ब्रशनं लावलं तरी चालतं, पण मला अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम आवडतो. गुरांच्या पाण्याचं टाकंही चालेल. पाच पीएसआय भरून गिअरकेस पाण्यात बुडवा, पंख्याचा भाग वर करून, म्हणजे बुडबुडा कुठून सुटतो ते दिसतं. पहिला मिनिटभर येणारे फुगे सोडून द्या, ती खाचांत अडकलेली हवा असते. पाणी स्थिर झालं की पाहा.

मला आठवतं, एका इंजिनात पाच पीएसआयवर तीन-चार मिनिटं काहीच दिसेना. मी शाफ्ट पाव फेरा फिरवला तेव्हा शाफ्टच्या कडेनं तांदळाच्या कणीएवढा एक बुडबुडा निघाला, वर जाऊन फुटला. पुढे पुन्हा काही नाही. आणखी एक फेरा, आणि त्याच जागी दुसरी कणी. शाफ्ट काढला तेव्हा सीलच्या ओठाच्या खाली एक बारीक ओरखडा आडवा गेलेला होता, नजरेला दिसेना पण नख त्यात अडकत होतं. शाफ्ट फिरला की त्या ओरखड्यावर ओठ नीट बसेना आणि तेवढ्यापुरतं सील उघडे.

बुडबुडे शाफ्टला लागूनच येत असतील तर सील. शाफ्टपासून दूर, हाउसिंगच्या गोल कडेनं येत असतील तर ओ-रिंग. वरून ड्राइव्ह शाफ्टच्या बुडातून आले तर वॉटर पंपाखालचं सील किंवा तिथलं गॅस्केट. गिअरच्या दांड्याजवळून आले तर त्याचं छोटंसं सील, जे स्वस्त असतं आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कोऱ्या धातूतून बुडबुडा आला तर तिथला रंग खरवडून चीर शोधा.

ओढून पाहणे

दाबानं जो ओठ शाफ्टवर घट्ट बसतो तोच ओढीनं सुटतो. गार होणारी गिअरकेस पाणी ओढते, म्हणून ओढीची परीक्षाही करायलाच हवी. औषधाच्या दुकानातून ६० मिलीची मोठी सिरिंज घ्या, ती निपलच्या नळीला लावा आणि पूर्ण मागे ओढून तशीच सुतळीनं बांधा. पाव लिटरच्या पोटातून ६० मिली हवा ओढली की आतला दाब पाचव्या-सहाव्या हिश्शानं उतरतो, एवढी ओढ पुरेशी आहे. शाफ्टभोवती आणि बुचांभोवती थोडं जाड तेल लावा. दहा मिनिटं थांबा, शाफ्ट फिरवा, तेल कुठे आत ओढलं जातंय का पाहा. मग सुतळी सोडा. सिरिंजचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण आत परत गेला तर गिअरकेसनं ओढ धरून ठेवली, गळती नाही. तो जागीच राहिला तर हवा कुठूनतरी आत शिरलेली आहे.

पंख्याची बाजू उघडताना

पंखा काढला की आधी शाफ्टवर तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) शोधा. नायलॉनची जाळी पंख्यात अडकते, माणूस वरवर सोडवतो आणि उरलेला तंगूस पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळत गुंडाळत थेट सीलच्या ओठात शिरतो. आमच्याकडे पंख्याकडची सील जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. मी एकदा हातभर लांबीचा तुकडा चिमट्यानं ओढून काढला, तो सीलच्या खाली कडक वेटोळ्यासारखा वितळून बसला होता. पंखा महिन्यातून एकदा काढून हे साफ करणं हा खर्च नाही, वाचवलेला खर्च आहे.

दुसरं कारण बुडालेल्या झाडांचे खुंट. धरणाच्या पाण्यात झाडं आहेत तशी उभी राहिली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती पंख्याला लागतात. शाफ्ट वाकलेला आहे का पाहायला गिअर न्यूट्रल करा, शाफ्टच्या टोकाजवळ पेन्सिल रोखून धरा आणि शाफ्ट हळू फिरवा. पेन्सिल आणि टोकातली फट डोळ्याला कमी-जास्त होताना दिसली तर शाफ्ट वाकला. वाकलेल्या शाफ्टवर नवं सील बसवणं म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा तेच काम. शाफ्ट हातानं वर-खाली हलत असेल तर बेअरिंग गेली, तीही आधी बदला.

हाउसिंग बाहेर काढताना पुलर (ओढून काढायचं साधन) वापरा, बाजूंनी छिन्नी मारू नका. अॅल्युमिनियम गरम पाण्यानं किंवा हलक्या आचेनं तापवलं की ते थोडं फुगतं आणि काम सोपं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. जुनी सील काढायच्या आधी त्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. सीलच्या ज्या बाजूला ओठामागे बारीक स्प्रिंग दिसते, त्या बाजूचा द्रव ते अडवतं. काही इंजिनांत दोन्ही सीलची तोंडं बाहेर, पाण्याकडे असतात. काहींत एक आत तेलाकडे आणि एक बाहेर. दुसऱ्या इंजिनाचा अंदाज इथं लावू नका. एका ठिकाणाहून दुरुस्त होऊन आलेलं इंजिन मी उघडलं होतं, त्यात दोन्ही नवी सील उलटी बसवलेली होती. माल चांगला, हात चांगला, फक्त तोंड चुकलेलं. मालकाची दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. तेवढे आकडे घेऊन नागपूरला कुठल्याही बेअरिंग-सीलच्या दुकानात गेलात तर माल मिळतो. ओ-रिंग जुनी नेऊन जुळवून घ्या.

शाफ्टवर जिथं ओठ घासतो तिथं नख अडकेल इतकी खाच असेल तर नवं सीलही टिकत नाही. बारीक ओरखडा ओल्या पॉलिश पेपरनं, शाफ्टभोवती गोल फिरवत घालवा, लांबीच्या दिशेनं कधीही घासू नका. खाच खोल असेल आणि हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या धातूवर आणता येतो. नाहीतर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, तीच घाला. बसवताना शाफ्टच्या आट्यांवर आणि दात्यांवर सेलोटेप गुंडाळा, नाहीतर नव्या सीलचा ओठ तिथंच कापला जातो. ओठावर ग्रीस, बाहेरच्या कडेला न सुकणारं सीलंट अगदी पातळ.

ड्राइव्ह शाफ्टची सील बदलायला वॉटर पंप उघडलाच आहे, तर त्याची रबरी पाकळीही नवी टाका. गॅस्केटखालची जागा सपाट घासून घ्या. चीर किंवा छिद्र असेल तर एमसीलवर भरवसा ठेवू नका. अॅल्युमिनियमचं वेल्डिंग जमणाऱ्याकडे जा, आणि वेल्डिंगच्या आधी आतली सील, ओ-रिंग सगळं काढून घ्या.

सगळं जोडलं की हवेची परीक्षा पुन्हा करा, तीन, पाच, दहा आणि ओढीची. काटा हलला नाही तरच तेल.

तेल भरणे आणि पुढचे दिवस

गिअर तेल खालच्या बुचाच्या छिद्रातून वर चढवायचं असतं. वरून ओतलं तर आत हवा अडकते आणि भरल्यासारखं दिसूनही तेल कमी राहतं. आपली ६० मिलीची सिरिंज इथंही कामाला येते. वरच्या छिद्रातून बुडबुडे न येता सलग तेल ओघळू लागलं की आधी वरचं बूच आवळा, मग सिरिंज काढून खालचं पटकन लावा. आठ ते पंधरा हॉर्सपॉवरच्या इंजिनात साधारण पाव लिटरच्या आसपास तेल जातं. पुस्तकात सांगितलेलं मरीन गिअर तेल मिळालं तर उत्तम, थोड्या पाण्यातही ते टिकून राहण्यासाठी बनवलेलं असतं. नाही मिळालं तर पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, बहुतेक वेळा ८०डब्ल्यू-९०, हायपॉइड गिअर तेल घ्या. इंजिन ऑइल नको.

काढलेलं दुधाळ तेल काठावर किंवा पाण्यात ओतू नका. याच पाण्यातले मासे आपण विकतो, हेच पाणी गावं पितात. कॅनमध्ये भरून तालुक्याच्या गॅरेजवाल्याला द्या, तो जुनं तेल घेणाऱ्याला देतो.

हंगामात मधेच पाणी सापडलं आणि सुटे भाग यायला चार दिवस लागणार असतील, तर इंजिन तसंच पाण्यासकट ठेवू नका. पाणी काढा, ताजं तेल भरा, दोन्ही शाफ्ट हातानं वीस-तीस वेळा फिरवा म्हणजे बेअरिंगवर तेलाचा थर चढतो. पाणी राहिलं तर गंज फार वाट पाहत नाही. काम अगदीच अडलं असेल तर रोज संध्याकाळी तेल बदलून चार दिवस निभावता येतात, त्याहून जास्त नाही.

दुरुस्तीनंतर दोन तास काम करा, इंजिन पाण्यातच थंड होऊ द्या, रात्री उभं ठेवा आणि सकाळी खालचं बूच अर्धा आटा सैल करून पहिला थेंब बोटावर घ्या. मधासारखा, स्वच्छ आणि पारदर्शक असेल तर बूच नव्या वायसरसह आवळा. आठवड्यानंतर एकदा, मग महिन्यानंतर एकदा असाच पाहा. त्या पंधरा हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा मालक आता दर महिन्याला फोन करून थेंबाचा रंग सांगतो. अजून मधासारखाच आहे.